तिसरा रकाना

रविवार, १ जून २०२५

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत प्रशिक्षणार्थी मुलीनं विचारलं, "मॅडम, तुम्हाला घडवणारी पुस्तकं कोणती?" डब्याचं झाकण लावेपर्यंत मी सात नावं सांगून मोकळी झाले. इतक्या सफाईनं, की घरी येताना माझा मलाच संशय आला. गेली दहा वर्षं तीच सात नावं, त्याच क्रमानं. मध्ये दोन-चारशे पुस्तकं वाचून झाली, यादी मात्र ढिम्म हललेली नाही.

मी भोसरीतल्या एका कारखान्यात पंपांच्या माहितीपुस्तिका लिहिते, १९९८ पासून. आमच्याकडे "असं मला वाटतं" चालत नाही. पुस्तिकेतल्या प्रत्येक आकड्यामागे चाचणी विभागाची सही लागते. पंपाला जो न्याय, तो स्वतःला का नाही?

म्हणून हा प्रकल्प. एका पुस्तकाला एक कार्ड, कार्डावर तीन रकाने: पुस्तक, कधी वाचलं, त्यामुळे काय बदललं. तिसऱ्या रकान्यात बोट ठेवून दाखवता येईल अशीच गोष्ट लिहायची. जुना मसुदा, पत्र, वही, पावती काहीही चालेल. "दृष्टी मिळाली", "समृद्ध झाले" वगैरे बाद.

कल्पना माझी नाही. डेक्कन कॉलेजात संस्कृतच्या महाकोशाचं काम १९४८ पासून चाललंय. तिथल्या चिठ्ठ्यांची कपाटं एकदा पाहिली होती. चिठ्ठ्या कोटीच्या घरात. प्रत्येकीवर शब्द, तो आलेलं वाक्य आणि ते वाक्य कुठल्या ग्रंथात कुठे आहे त्याचा पत्ता. पत्ता नसेल तर शब्द कितीही ओळखीचा असो, कोशात बसत नाही.

मुदत २७ जुलै. सोसायटीच्या वाचनकट्ट्यावर याच विषयावर बोलायचं कबूल करून बसलेय.

शनिवार, ७ जून

माळा उतरवला. दोन ट्रंका, एक खोका, आणि "महत्त्वाचे" असं लिहिलेली गोणी, जिच्यात नुसत्या दिवाळी अंकांच्या जाहिराती निघाल्या. कसर भरपूर, वाळवी सुदैवानं नाही. डांबराच्या गोळ्यांच्या वासानं ह्यांना शिंका सुरू झाल्या आणि ते नातेवाइकांकडे निघून गेले. बरंच झालं.

६३ कार्डं लिहिली. पहिले दोन रकाने भराभर भरले. तिसऱ्यापाशी पेन अडलं.

'गीतारहस्य'चं कार्ड लगेच फाडलं. टिळकांनी ते मंडालेच्या तुरुंगात शिसपेन्सिलीनं लिहिलं आणि १९१५ मध्ये पुण्यात छापून आलं, एवढं मी कुणालाही सांगू शकते. आतलं विचारू नका. कपाटात मात्र ते नेहमी दर्शनी बाजूला असतं.

रविवार, १५ जून

नारळीकर सर जाऊन तीन आठवडे होऊन गेले. कट्ट्यावर आज त्यांच्याबद्दलच बोलणं झालं, म्हणून घरी येऊन त्यांचंच कार्ड घेतलं.

माझ्या सातांतलं हे हक्काचं: त्यांचं आत्मचरित्र, 'चार नगरांतले माझे विश्व'. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावानं. स्वतःची आद्याक्षरं उलटी केली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली. तोवर ते जगभर माहीत झाले होते. नाव दिसलं असतं तर परीक्षकांनी गोष्ट नाही, नाव वाचलं असतं.

मी माझे मसुदे इंजिनिअरांकडे नाव न घालता पाठवते. बाईनं लिहिलंय म्हटल्यावर चुका शोधण्याची एक वेगळीच पद्धत असते, ती टळते. ही युक्ती 'चार नगरांतले माझे विश्व' वाचून सुचली, असं मी किमान तीन भाषणांत सांगितलंय.

पुस्तक काढलं. आत बिल होतं, २०१४ चं, म्हणजे पुस्तकाला साहित्य अकादमी मिळाल्यावर घेतलेलं. मग ऑफिसच्या जुन्या मसुद्यांची फाइल उघडली. माझा पहिला निनावी मसुदा २००३ चा!

म्हणजे युक्ती आधीची, पुस्तक नंतरचं. वाचताना बहुधा वाटलं असेल, "अरेच्चा, आपणही हेच करतो." काही वर्षांनी त्याचं झालं, "यांच्याकडून घेतलं." मोठ्या माणसाच्या सावलीत आपली क्लृप्ती जरा उंच दिसते, दुसरं काय.

कार्ड बाद. पुस्तक नाही, ते पुन्हा वाचायला घेतलंय. बनारसचा भाग विशेष.

शनिवार, २१ जून

पालख्या मुक्कामाला आहेत. पेठांतले रस्ते बंद, बाहेर पडायचा प्रश्नच नाही. घरी बसून 'युगान्त'.

सातांत पहिला नंबर ह्याचा. इरावतीबाईंनी विचार कसा करायचा ते शिकवलं, हे माझं ठरलेलं वाक्य. त्यातही 'मयसभा' हा लेख. कृष्णार्जुनांनी खांडववन जाळलं, त्यातून एकही प्राणी सुटू नये म्हणून राखण केली, ते कशासाठी? बाई त्याकडे चमत्कार म्हणून बघतच नाहीत. नव्या राज्याला जमीन हवी होती, आणि जंगलात आधीपासून कुणीतरी राहत होतं. देवाच्या गोष्टीला असा रोखठोक प्रश्न विचारता येतो, याचा मला म्हणे धक्का बसला होता.

प्रत कॉलेजातली. पहिल्या पानावर नाव, १९९१. पहिल्या लेखात भीष्मावर शिसपेन्सिलीच्या रेघाच रेघा, समासात "वा!" आणि एक "का?". दुसऱ्या लेखात चार रेघा. पुढे पानं कोरी. नुसती कोरी असती तरी चाललं असतं. 'मयसभा'तली दोन पानं वरच्या कडेला एकमेकांना जोडलेली निघाली. कापायची राहिलेली. चौतीस वर्षं.

बराच वेळ ते पुस्तक हातात धरून बसले. मग आठवलं. खांडववन मी ऐकलं होतं. आमच्या बाई तासाला सांगत, खिडकीशी उभ्या राहून, एका हातात चष्मा.

स्वयंपाकघरातून सुरी आणली आणि पानं कापली. बाहेर लांब कुठेतरी टाळ ऐकू येत होते. एका बैठकीत पुस्तक संपवलं. कार्डावर लिहिलं: कधी वाचलं, २१ जून २०२५. तिसरा रकाना मोकळा ठेवलाय. आता कुठे सुरुवात.

(पुस्तक ऐकीव असतानाही माणूस बदलू शकतो का? शकत असावा. पण मग कार्ड बाईंच्या नावाचं करायला हवं.)

शनिवार, २८ जून

कार्डं उरली १९.

आज जे सापडलं ते यादीत नव्हतंच. कुकर लावताना वरच्या फळीवरून आईची 'रुचिरा' पडली. पुठ्ठा सुटलेला, हळदीची बोटं, तेलानं पारदर्शक झालेली पानं. जमिनीवर पडली ती पुरणपोळीच्याच पानावर उघडली. आमच्या घरात ती दुसरीकडे उघडतच नाही.

कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक १९७० चं. लग्न होऊन परगावी गेलेल्या किती मुलींच्या बॅगेत ते असायचं! मी ते वाचन म्हणून कधी धरलंच नाही. खाली बसून चार पाककृती वाचल्या, आणि पाचवीपाशी थांबले. हे माझंच गद्य होतं. म्हणजे माझं गद्य हे होतं.

मापं वाटीची आणि चमच्याची. किलो-ग्रॅमचा काटा कुणाच्या ओट्यावर नसतो, वाटी प्रत्येकीकडे असते. वाक्यं तोकडी. जे आधी करायचं ते आधी सांगितलेलं. "तत्पूर्वी" म्हणून मागे ओढून नेणं नाही.

सोमवारी फाइल बघायची. १९९८ च्या पहिल्या पुस्तिकेत बेअरिंगच्या ग्रीसची गोष्ट आहे, ती मला चांगली आठवते. पण आठवणीवर आता विश्वास नाही.

सोमवार, ३० जून

मिळालं. इंजिनिअरांच्या मूळ कागदावर: "बेअरिंगमध्ये २० ग्रॅम ग्रीस भरावे." त्यावर माझ्या अक्षरात काट मारून: "आगपेटीच्या आतल्या खोक्याइतकं ग्रीस भरा." समासात तांबड्या शाईनं एका साहेबांचा शेरा: "हे काय स्वयंपाकाचं पुस्तक आहे का?"

२७ वर्षांपूर्वी त्या माणसानं माझ्या तिसऱ्या रकान्यात सही करून ठेवली होती.

तेव्हाचं भांडण आठवतंय. नाना (चाचणी विभागातले, आता निवृत्तीला आलेत) मला स्टोअरमध्ये घेऊन गेले. आगपेटी रिकामी केली, खोका ग्रीसनं भरून पट्टीनं सपाट केला, काट्यावर ठेवला. काटा वीसच्या आसपास. तीनदा केलं. मग नाना साहेबांना म्हणाले, "शेतावर काटा नसतो साहेब, विडी असते." विषय संपला. आगपेटी आजपर्यंत आमच्या पुस्तिकेत आहे.

'रुचिरा', पहिलं पक्कं कार्ड.

बुधवार, २ जुलै

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश. हे यादीत होतं आणि टिकलंही, पण वेगळ्या कारणानं.

माझी प्रत पुण्यात १९७५ ला निघालेल्या पुनर्मुद्रणाची, फुटपाथवर घेतलेली. मूळ कोश १८३१ चा, दुसरी आवृत्ती १८५७ ची. साहेब लष्करातला, पण शब्द गोळा केले ते पंडितांची फौज हाताशी धरून, आणि नुसते पोथीतले नाहीत. शेतातले, बाजारातले, शिव्यांच्या जवळ जाणारेसुद्धा. मी मिरवताना म्हणायचे की ह्या कोशानं भाषेचं वैभव दाखवलं. पुरावा काय? १९९९ चा एक फसलेला मसुदा.

पाइपचं पाणी शेतात जिथे पडतं त्या हौदासाठी मला शब्द हवा होता. कोशात सापडला: थारोळं. मोटेचं पाणी पडतं ते कुंड. मी आनंदानं लिहिलं, "पाइपचं तोंड थारोळ्याच्या काठावर घट्ट बांधा." तरुण इंजिनिअरनं मसुदा परत आणला. "मॅडम, खून झालाय का कुठे?"

खरंच की. मोट गेली, थारोळं गेलं, शब्द तेवढा वर्तमानपत्रात रक्तासाठी उरला.

नाना जुन्नरकडचे. त्यांना विचारलं तर म्हणाले, "आमच्या विहिरीवर होतं ना. बैल धावेवरून खाली गेले की मोट वर, नाडा करकरायचा, आणि धबाक्कन थारोळ्यात." हातानं सगळं करून दाखवलं. मग म्हणाले, "पण माझ्या पोराला विचाराल तर त्याला नाही कळायचं. हौदच लिहा."

हौद लिहिलं. तेव्हापासून कोशातला शब्द वापरण्याआधी मी तो दोघांना विचारते, एक साठीच्या पुढचा, एक पंचविशीच्या आतला. नियम म्हणून तो आमच्या खात्याच्या वहीत लिहिलेला आहे, तारखेसकट. कार्ड पक्कं.

रविवार, ६ जुलै

आषाढी. साबुदाणा खिचडी, वरी, आणि जोतीरावांचं 'गुलामगिरी'.

हे १८७३ चं पुस्तक सवाल-जबाबात आहे. आमच्या पुस्तिकेत बिघाडांचा तक्ता असायचा: दोष, कारण, उपाय. २००९ मध्ये मी तो मोडून संवाद केला. शेतकरी विचारतो, मिस्त्री सांगतो. शेतकरी एका उत्तरावर गप्प बसत नाही. "पंपानं हवा धरली म्हणता, पण काल तर धरली नव्हती. आज कुठून आली?" मग मिस्त्रीला पाइपच्या तळाच्या झडपेपर्यंत, फूट व्हॉल्व्हपर्यंत, खाली उतरावंच लागतं. पुढचा प्रश्न मागच्या उत्तरातून निघायला हवा, ही गोष्ट 'गुलामगिरी'तून आली असं माझं म्हणणं.

नाना म्हणतात, "काहीतरीच. आकाशवाणीवर शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात असंच असायचं. तुम्ही लहानपणी ऐकलं असणार."

ऐकलंय. रोज. कार्ड अर्धं पक्कं, तिसऱ्या रकान्यात प्रश्नचिन्ह. खोडणार नाही, कारण २००९ च्या मसुद्याच्या पाठीमागे त्या पुस्तकातलं एक पान मीच उतरवून घेतलेलं आहे. पण सोडवूनही टाकणार नाही.

सासूबाईंनाही विचारलं, तुमचं कोणतं? "कालनिर्णयची मागची बाजू," त्या म्हणाल्या. गंमत नाही करत होत्या. महिना संपला की पान फाडून, लेख आवडला तर घडी घालून गादीखाली ठेवायच्या. गादीखाली आत्ताही बरीच असतील. ह्यावर वेगळा प्रकल्प होईल.

शनिवार, १२ जुलै

आजची तारीख मुद्दाम निवडली नव्हती, आली.

ट्रंकेच्या तळाशी, बाबांच्या बंडीत गुंडाळलेलं एक पुस्तक आहे. शाळेची भूमिती. पाठीचा पुठ्ठा गेलाय. पानं खालून वरपर्यंत चिकटून वीट झालीय. वर चार बोटं कागद पिवळा पण स्वच्छ, त्याखाली आडवी तपकिरी रेघ, आणि रेघेखाली सगळं गाळाच्या रंगाचं. कडेवरून नख फिरवलं तर अजून बारीक रेती निघते. समोरच्या पुठ्ठ्याच्या आत बाबांचं अक्षर: "१२-७-६१. फडताळाचा तिसरा कप्पा. पाणी इथपर्यंत."

पानशेत फुटलं, मग खडकवासला. नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात माजघराचं फडताळ बुडालं. वाडा आता नाही, फडताळ नाही. ही रेघ आहे.

हे पुस्तक मी कधीच वाचलेलं नाही, वाचता येणारच नाही. त्याचं कार्डही केलं नव्हतं. पण दर १२ जुलैला बाबा ते काढायचे, आम्हा भावंडांना रेघ दाखवायचे आणि परत गुंडाळायचे. भाषण नाही, काही नाही.

दुपारी २००१ चा मसुदा काढला, नदीकाठच्या पंपांचा. इंजिनिअरांचं वाक्य: "स्टार्टर जमिनीपासून दीड मीटर उंचीवर बसवावा." माझं: "गावातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारा, नदीचं पाणी कुठपर्यंत आलं होतं. त्यानं दाखवलेल्या खुणेच्या वर स्टार्टर बसवा." २००१. सांगली-कोल्हापूरचा मोठा पूर २००५ चा, म्हणजे तो पाहून लिहिलेलं नाही.

रविवार, १३ जुलै

काकांना फोन केला.

"अगं, ती भूमिती माझी," काका म्हणाले. "दादाची कुठली? मी आठवीत होतो. पाणी ओसरल्यावर दादानं ती माझ्या हातातून घेतली आणि परत दिलीच नाही. म्हणे माप आहे. मी म्हटलं, अरे माझं पुस्तक आहे! नवं कुठून आणणार? वर्षभर शेजारच्या बाकावरच्या पोराच्या पुस्तकात डोकं घालून काढलं."

"मग राग नाही आला?"

"येतो अजून," काका म्हणाले, आणि हसले. मग विचारलं, "आहे का गं ते? दाखवायला आणशील?"

रविवार, २० जुलै

अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बाइंडरकडे भूमिती नेली. त्यानं ती कानाशी धरून बोटानं वाजवली, नारळ बघतात तशी. "ताई, वाफ देऊन पाच-पंचवीस पानं सुटतील. बाकीची भुगा होतील. वाचायची आहे का?" नाही म्हटलं. "मग कशाला सोडवताय?" त्यानं पैसे न घेता खाकी कागद घातला आणि वर नाव लिहायला पेन पुढे केलं. नाव लिहिलं नाही.

काकांकडे जाऊन आले. त्यांनी चष्मा लावून रेघ बघितली, मग पुस्तक उलटं करून मागची बाजू. "इथे मी गाढवाचं चित्र काढलं होतं. सरांचं." गाळाखाली काही दिसत नव्हतं. तरी बराच वेळ बघत होते.

रविवार, २७ जुलै

कट्ट्यावर बोलले. ६३ पैकी ६ कार्डं, त्यातलं एक अर्धं. पाऊस असूनही तीसेक माणसं. एका निवृत्त प्राध्यापकांना पटलं नाही. त्यांचं म्हणणं, साहित्याचा परिणाम असा ग्रीससारखा तोलता येत नाही, आणि मी फक्त कामात दिसेल तेवढंच मोजलं. बरोबर आहे त्यांचं. रात्री अंधारात छताकडे बघताना आठवणाऱ्या ओळींचं कार्ड कसं करणार? पण त्या ओळींच्या नावावर मी दहा वर्षं थापा मारत होते, तेही खरं.

भूमितीवरून जास्त वाद झाला. प्रशिक्षणार्थी मुलगी मागच्या रांगेतून म्हणाली, "मॅडम, ते पुस्तक कुठे राहिलं? ती तर खूण झाली. आणि बदललं ते बाबांमुळे." मी म्हटलं, माझ्या नियमात वाचलेलं असावं असं कुठे लिहिलंय? लोक हसले, पण तिचं समाधान झालं नाही. माझंही नाही.

बुधवार, ३० जुलै

तिनं आज टेबलावर एक कार्ड ठेवलं. पहिला रकाना: आपली पुस्तिका, पान ११. दुसरा: जून २०२५. तिसरा: "आगपेटी कुणाकडे आहे?"

चहाच्या वेळी सगळ्यांना विचारलं. चौदा जणांत आगपेटी एकाकडे, तीही देवघरात, घरी. गॅसला लायटर, विडी ओढणारे फक्त नाना, आणि त्यांच्या खिशातही लायटरच निघाला. नाना ओशाळले.

तिघं स्टोअरमध्ये गेलो. तिच्या डोक्यात पाण्याच्या बाटलीचं झाकण होतं. शेताच्या बांधावरही सापडतं, म्हणाली. झाकण भरलं, पट्टीनं सपाट केलं, काट्यावर टोकरलं. चार झाकणांचे अठरा ग्रॅम. पुन्हा केलं, साडेअठरा. नाना म्हणाले, चौथं शिगोशीग भरायला सांगा. ती म्हणाली, शिगोशीग प्रत्येकाची वेगळी असते. उद्या दुसऱ्या दोन कंपन्यांच्या बाटल्यांची झाकणं आणून तोलायची आहेत.